वरची चौकट

रेडिओला बंद करायचं बटण नव्हतं. लिफ्ट दुरुस्तीच्या त्या कंपनीत फिटर म्हणून तो रुजू झाला आणि महिन्याभरात त्याचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं. त्या दुपारी तो ऑफिसात शिरला तो खांद्यावर पोलादी दोराचं वेटोळं घेऊनच. ते त्याने धाडकन फरशीवर टाकलं, टेबलांवरचे कप थरथरले आणि हिशेब बघणाऱ्या बाईंनी नाक मुरडलं.

“चमत्कार बघा, चमत्कार! नवाकोरा दोर काढला आणि त्याच्या जागी नवाकोरा दोर घातला. आता साहेबांनी माझा सत्कारच करायला हवा.”

सगळे हसले. हसण्यासारखंच होतं ते. दवाखान्याच्या इमारतीतली ती लिफ्ट गेले कित्येक दिवस बंद ठेवली होती. दोर मागवण्यात वेळ गेला होता. तोवर पेशंटना खुर्चीत बसवून जिन्याने वर न्यावं लागत होतं, दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई रोज फोन करून साहेबांची खरडपट्टी काढत होत्या, आणि साहेब तीच खरडपट्टी खाली सगळ्यांना समान वाटून देत होते. एवढं सगळं झालं कशासाठी, तर एका धडधाकट दोरासाठी.

“एक तार तुटलेली नाही हो,” रेडिओ चालूच होता. “हात फिरवून बघितला, साफ गुळगुळीत. आणि ती पकड असते ना, दोर तुटला तर केबिन जागच्या जागी धरून ठेवणारी, तीसुद्धा टकाटक. नोंदीत काय लिहिलंय? ‘दोराच्या तारा तुटल्या आहेत. पकड जाम आहे. लिफ्ट चालवू नये.’ ज्याने कोणी लिहिलं तो त्या दिवशी चष्मा घरी विसरला असणार!”

पुन्हा हशा पिकला. खिडकीजवळच्या टेबलावर बसलेली मॅडम तेवढी हसली नाही. मॅडम म्हणजे कंपनीचं संगणकाचं सगळं काम बघणारी बाई. एकटीच होती ती त्या कामाला, त्यामुळे प्रिंटरमध्ये कागद अडकण्यापासून कंपनीची अख्खी सिस्टीम बांधण्यापर्यंत सगळं तिच्याच गळ्यात.

“मग तुटलेल्या तारांचा दोर कुठे आहे?” तिने विचारलं.

“कुठे म्हणजे? नसेलच.”

“कोणीतरी बघितला म्हणूनच लिहिला ना, रेडिओ. पकडसुद्धा हाताने हलवून बघितल्याशिवाय जाम आहे हे कळत नाही. हे काय कोणी बसल्या जागी सुचलं म्हणून लिहीत नाही.”

रेडिओने वाकून दोरावरून पुन्हा एकदा हात फिरवला. हिशेबाच्या बाईंनीही मान वर केली. पण तेवढ्यात साहेब आपल्या केबिनमधून बाहेर आले आणि हशा जागच्या जागी विरला. त्यांना दोराचं आधीच कळलेलं होतं.

“मॅडम, ही नोंद ज्याने केली त्याचं मला आत्ताच्या आत्ता नाव हवंय,” ते म्हणाले आणि पाय आपटत परत आत गेले.

तिने स्क्रीनवर ती नोंद उघडली. नाव बघितलं. नाव तिच्या वडिलांचं होतं.

इथे त्या सिस्टीमबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. गोष्ट सोपी आहे. प्रत्येक लिफ्टची एक मूळ नोंद, तिला मॅडम पालक म्हणायची. त्या लिफ्टबद्दल जे जे आढळलं, म्हणजे दोर, ब्रेक, दार, दिवा, त्या प्रत्येकाची वेगळी नोंद, ती अपत्य. तपासनीस मोबाईलवर फॉर्म उघडणार, वरच्या चौकटीत इमारत आणि लिफ्ट निवडणार, खाली काय बिघडलंय ते लिहिणार आणि जतन करणार. वरची चौकट रिकामी असेल तर फॉर्म अडून बसायचा. पालकाशिवाय अपत्य घ्यायचंच नाही, असा तिने नियमच घातला होता. “आमच्या पोरांना शाळेत घालताना एवढे नखरे झाले नव्हते,” असं रेडिओ म्हणायचा.

नियम चांगला होता. पण माणसं फॉर्म जागेवर भरत नव्हती. दिवसभर काळ्या हातांनी काम करायचं आणि संध्याकाळी चहाच्या दुकानात बसून सगळ्या नोंदी एका दमात उरकायच्या, अशी त्यांची रीत. प्रत्येक नोंद जतन झाली की वरची चौकट पुन्हा रिकामी व्हायची आणि पुन्हा त्या लांबलचक यादीत बोट सरकवत लिफ्ट शोधत बसायचं. सगळ्यांच्या नाकी नऊ आले होते. बाकीचे कुरकुर करायचे, शिव्या घालायचे. तिचे वडील काही बोलायचे नाहीत. ते त्याच कंपनीत जन्मभर तपासनीस होते, त्यांच्या ओळखीनेच ती इथे लागली होती. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ताठरलेल्या बोटाने ते यादी वर-खाली करायचे, हवं ते नाव बोटाखालून निसटायचं, आणि ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. हे बघून तिला भरून यायचं.

म्हणून तिने एक सोय केली. वरच्या चौकटीने शेवटची निवडलेली लिफ्ट लक्षात ठेवायची. दोन ओळींचं काम होतं ते. सगळे खूश झाले, रेडिओने पेढे मागितले, आणि तिने वडिलांच्या शेजारी बसून त्यांना शिकवलं, “आता वरच्या चौकटीला हात लावू नका, बाबा. ते आपोआप येतं.”

आणखी एक सोय तिने केली होती, तीही बाबांसाठीच. “लिहिलेलं कुठे जातं ते कळतच नाही गं,” असं ते एकदा म्हणाले होते. तेव्हापासून दुरुस्ती झाली की ज्याने नोंद केली त्याच्या मोबाईलवर निरोप जायचा. ‘आपण नोंदवलेला बिघाड दूर झाला आहे.’ बाबा तो निरोप चष्मा लावून पूर्ण वाचायचे. पुसायचे कधी नाहीत.

आता त्याच बाबांच्या नावापुढे ती नोंद होती, आणि साहेब आत नावाची वाट बघत होते.

तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते काही फार चांगलं नव्हतं. तिला लाज वाटली. बाबांना नुकतंच निवृत्त केलं होतं, निरोपाच्या दिवशी साहेबांनी त्यांच्या नजरेचं भरभरून कौतुक केलं होतं, आणि ही त्यांची शेवटच्या आठवड्यातली नोंद. साहेब म्हणणार, म्हातारा कामातून गेला होता, आपणच उशीर केला. आणि खरं सांगायचं तर तीही आतून तेच म्हणत होती. गेलं वर्षभर बाबा एकच गोष्ट दोन-दोनदा सांगायचे. किल्ल्या शोधायचे, मग त्या त्यांच्याच खिशात सापडायच्या. निवृत्त झाल्यापासून तर त्यांनी वेगळंच खूळ डोक्यात घेतलं होतं. राहायचं सहाव्या मजल्यावर आणि लिफ्टमध्ये पाऊल टाकायचं नाही. बाजारहाट, दूध, औषधं, सगळं जिन्याने. वर तिच्या मुलीलाही, चिमणीलाही, रोज शाळेतून आणून हाताला धरून जिन्याने चढवायचे. मधल्या मजल्यावर पोहोचेपर्यंत दोघांचीही दमछाक व्हायची. चिमणी रडकुंडीला यायची, पण आजोबांपुढे तिचं काही चालायचं नाही.

एवढ्यावर थांबले असते तरी ठीक होतं. त्यांनी खाली लिफ्टच्या दारावर पुठ्ठा टांगला होता, ‘लिफ्ट चालवू नये’. इमारतीचे अध्यक्ष चवताळले. त्या लिफ्टची देखभाल दुसऱ्या एका कंपनीकडे होती, त्यांचा माणूस येऊन चार बटणं दाबून गेला आणि सगळं ठीक आहे म्हणाला. अध्यक्षांनी पुठ्ठा काढून फेकला आणि मॅडमला जिन्यात गाठलं. ती तेव्हा काय म्हणाली? ती ओशाळून हसली आणि बोटाने कपाळाकडे खूण केली. “बाबांचं हल्ली जरा... मी बोलते त्यांच्याशी.” घरी येऊन ती त्यांच्यावर खेकसली, “बाबा, तुम्ही आता कामावर नाही आहात!” बाबा शांतपणे म्हणाले, “मी फॉर्म भरलाय. येतील माणसं.” तिला वाटलं, कुठल्यातरी जुन्या कामाचं मनात धरून बसलेत. तिने विषय सोडून दिला.

म्हणून आता साहेबांना नाव सांगायचं तिच्या जिवावर आलं. नोंद दुसऱ्या कोणाच्या नावावर ढकलता येईल का, हा विचारसुद्धा तिच्या मनाला चाटून गेला. सिस्टीम तिचीच होती, कोणाला पत्ता लागला नसता. तिने नोंदीचा सगळा तपशील उघडला.

नोंद जतन झाली होती संध्याकाळी, ऑफिस सुटून बराच वेळ झाल्यावर. म्हणजे घरी, टेबलाशी बसून. हे नेहमीचंच होतं. पण दवाखान्याच्या लिफ्टच्या बाबांच्या बाकीच्या नोंदी त्याच दिवशी दुपारीच येऊन गेल्या होत्या, ओळीने, एकामागून एक, आणि त्यांत दोराबद्दल स्वच्छ लिहिलं होतं, ‘दोर उत्तम’. पकडीबद्दलही ‘उत्तम’. त्यानंतर बाबा घरी आले होते. आणि घरी बसून त्यांनी त्याच लिफ्टचा दोर तुटल्याचं लिहिलं होतं.

एकाच लिफ्टबद्दल दोन्ही खरं असू शकत नव्हतं. तिने वरच्या चौकटीकडे बघितलं. दवाखान्याची इमारत. शेवटची निवडलेली लिफ्ट, तिच्या त्या दोन ओळींनी इमानेइतबारे लक्षात ठेवलेली.

मग घरी आल्यावर त्यांनी कुठली लिफ्ट बघितली?

तिला ती संध्याकाळ आठवली, अगदी लख्ख. ती लॅपटॉप मांडीवर घेऊन काहीतरी बिघडलेलं निस्तरत बसली होती. बाबा घरात आले, पण नेहमीसारखे चपला काढून आत गेले नाहीत. म्हणाले, “आवाज बरोबर येत नाही गं,” आणि कपाटातला टॉर्च घेऊन गच्चीवर, लिफ्टच्या मोटरच्या खोलीकडे गेले. बऱ्याच वेळाने परत आले. हात काळे झाले होते. तिच्यासमोर उभे राहून ते सांगू लागले, “आपल्या इथल्या लिफ्टचा दोर...” आणि तिने मान वर न करता म्हटलं, “बाबा, मला नका ना सांगू. फॉर्ममध्ये भरा.”

ते भरायला बसले होते.

स्क्रीनवर तपशिलाच्या सगळ्यात खाली एक हिरवी ओळ होती. काम पूर्ण झाल्याचा निरोप, नोंदवणाऱ्याला पाठवला, पोहोचला, वाचला. रेडिओने दवाखान्यातून निघतानाच ‘काम पूर्ण’ दाबलं होतं.

चिमणीची शाळा सुटून गेली होती. बाबा तिला घेऊन घरी पोहोचले असतील, आणि खाली जिन्यापाशी उभं राहून त्यांनी चष्मा लावून तो निरोप पूर्ण वाचला असेल.

“रेडिओ,” ती म्हणाली, “हत्यारं घे आणि माझ्याबरोबर चल. माझ्या घरी.”

तिचा आवाज ऐकून रेडिओने चहाचा कप होता तिथेच ठेवला. साहेबांच्या केबिनसमोरून दोघं धावतच गेली. रस्त्यावर येऊन तिने फोन लावला. घंटी वाजत राहिली. रेडिओने हात करून एक गाडी थांबवली, ती आत बसली, पुन्हा फोन लावला. तेव्हा कुठे बाबांनी उचलला.

“अगं, आत्ताच तुला करणार होतो,” त्यांचा आवाज खुलला होता. कित्येक दिवसांत तो इतका मोकळा ऐकला नव्हता. “आला निरोप तुझा! दोर बदलला. मी म्हणत होतो ना, येतील माणसं? आज आम्ही दोघं ऐटीत लिफ्टने वर आलो. चिमणी तर नुसती नाचतेय.”

“बाबा, कुठे आहात तुम्ही?”

“दारातच आहे. पाण्याची बाटली खाली कट्ट्यावर विसरली बघ तुझी लेक. म्हटलं, जा, लिफ्टने जा, तेवढीच हौस फिटेल.”

“बाबा, ऐका. तो दोर आपला नव्हता. बदलला तो दवाखान्याचा. आपल्याकडे कोणी आलेलंच नाही. आपल्या लिफ्टला कोणी हातसुद्धा लावलेला नाही.”

बाबांची पावलं लिफ्टच्या जाळीकडे धावल्याचं फोनमधून ऐकू आलं. मग खूप खालून, खोल विहिरीतून यावा तसा, चिमणीचा आवाज आला, “आजोबाऽ, मी येतेयऽ!” जुन्या पद्धतीची, जाळीच्या दारांची लिफ्ट होती ती. खालचं बोललेलं वर स्पष्ट ऐकू यायचं. जाळी सरकल्याचा खणखणाट झाला आणि मोटर घरघरू लागली. ती घरघर मॅडमने रोज ऐकली होती. आज फोनमधून ऐकताना तिला त्यात पहिल्यांदाच मधेमधे काहीतरी घासल्याचा आवाज ऐकू आला. तो रोजच होता. तिनेच कान दिला नव्हता.

“बाबा, थांबवा ती! दार उघडा, दार उघडलं की थांबते ना?”

“नको.” बाबांचा आवाज अगदी खाली गेला होता. “मध्येच थांबवली तर झटका बसेल. जो काही दोर उरलाय तो झटक्याने जाईल. पकड धरणार नाही. येऊ दे. हळू येऊ दे तिला.”

“बाबा...”

“बोलू नकोस.”

तिने फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. शेजारी रेडिओ बसला होता, त्याने गाडीवाल्याला हाताने खूण करून घाई करायला सांगितलं आणि स्वतः तोंडावर हात घट्ट दाबून धरला. फोनमधून घरघर येत राहिली. घासल्याचा आवाज व्हायचा, थांबायचा, पुन्हा व्हायचा. कधी तिसरा मजला गेला, कधी चौथा, तिला कळत नव्हतं. बाबांचा श्वास ऐकू येत होता, म्हणजे ते जाळीला अगदी खेटून उभे असणार. चिमणी आत गाणं म्हणत होती, शाळेतलं, अर्धे शब्द चुकीचे. एकदा काहीतरी ताडकन वाजलं, पातळ पत्र्यावर खडा पडावा तसं, आणि बाबा हुंदका दिल्यासारखे काहीतरी बोलले. गाणं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

मग मोटर थांबली. जाळी सरकली.

“आजोबा, तुम्ही रडताय?”

मॅडमने फोन कानापासून दूर केला आणि रेडिओ आणि गाडीवाल्यासमोर भोकाड पसरलं. तिला त्याची काहीच लाज वाटली नाही.

घराखाली पोहोचली तेव्हा लिफ्टपाशी चार-पाच माणसं जमली होती, हातात पिशव्या, कपाळाला आठ्या. कोणी बटण दाबत होतं, कोणी वर तोंड करून ओरडत होतं, “दार कोणी उघडं ठेवलंय वर?” अध्यक्ष पुढेच होते. तिला बघताच ते म्हणाले, “ताई, तुमच्या वडिलांना आवरा आता. सहाव्या मजल्यावर खुर्ची टाकून बसलेत, दार लावू देत नाहीत. त्यांचं डोकं...”

“त्यांचं डोकं शाबूत आहे,” ती म्हणाली. “दोर तुटलाय या लिफ्टचा. त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं. त्याआधी मला सांगितलं होतं. आपण दोघांनीही ऐकलं नाही. कोणी बटणाला हात लावू नका.”

अध्यक्षांनी बोट मागे घेतलं. रेडिओ तिच्यापुढे दोन-दोन पायऱ्या टाकत थेट गच्चीकडे गेला.

सहाव्या मजल्यावर बाबा स्वयंपाकघरातली खुर्ची आणून लिफ्टच्या उंबऱ्यावर बसले होते. एक पाय केबिनमध्ये, एक बाहेर, जाळीचं दार पाठीशी दाबून धरलेलं. दार उघडं असेपर्यंत लिफ्ट हलत नाही, त्यामुळे ते हलत नव्हते. चिमणी घराच्या दारात बाटली पोटाशी धरून बसली होती आणि कोणीतरी काहीतरी समजावून सांगेल म्हणून वाट बघत होती. आईने तिला इतकं घट्ट पोटाशी धरलं की ती “दुखतंय ना” म्हणाली.

बाबांनी लेकीकडे बघितलं. चष्मा धुरकट झाला होता.

“मला एक सांग,” ते म्हणाले. “त्या संध्याकाळी मी तुला सांगितलं होतं ना? की मला नुसतंच तसं वाटतंय? यादीत आपली इमारत सापडेना, ती आपल्या कंपनीकडे नाही ना. म्हटलं, वरच्या चौकटीला हात लावायचा नाही, वरचं तू बघशील. तुला सांगितलेलं आहेच. पण नंतर तुम्ही सगळे म्हणायला लागलात, आणि मलाच खात्री वाटेना. सांगितलं होतं का मी?”

“सांगितलं होतं, बाबा. माझ्यासमोर उभं राहून सांगितलं होतं.”

त्यांनी मान हलवली. “मग ठीक आहे,” ते म्हणाले. “मला वाटलं, मी कामातून गेलो.”

गच्चीवरून पावलं वाजली. रेडिओ खाली आला. वरची वीज त्याने तोडली होती, हात कोपरापर्यंत काळे होते. तो पायरीवर बसला आणि गप्पच राहिला. शेवटी त्याने बाबांकडे बघून फक्त करंगळी वर केली. तेवढाच उरला होता दोर, करंगळीएवढा. बाबांनी डोळे मिटून घेतले. उतरा म्हटलं तरी ते खुर्चीवरून उतरले नाहीत, वीज तोडली असतानाही पाय उंबऱ्यावरच ठेवून बसून राहिले.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. साहेब होते, आणि संतापले होते. ती न सांगता निघून गेली म्हणून एक फैर झाडून झाल्यावर ते म्हणाले, “आणि हे काय चाललंय काय आज? शाळेच्या इमारतीत ब्रेक बदलायला माणूस पाठवला होता. झिजून पार संपलाय अशी नोंद आहे. त्याचा आत्ता फोन आला. म्हणतो, जुना ब्रेक उत्तम आहे, बदलायची काही गरजच नाही.”

“ती नोंद कोणाची आहे, साहेब? बाबांची?”

“तुमच्या बाबांची कसली? दुसऱ्या तपासनीसाची आहे, या आठवड्यातली. म्हातारे गेले, आता तरुणांनाही दिसेनासं झालं की काय?”

स्पीकर चालू नव्हता, पण साहेबांचा आवाज असा की जिन्यात सगळ्यांना ऐकू गेला. रेडिओने मान वर केली. सगळे तपासनीस तोच फॉर्म भरत होते, संध्याकाळी, चहाच्या दुकानात, एका दमात. वरच्या चौकटीला हात न लावता. कित्येक महिने.

बाबांनी डोळे उघडले.

“मग तो झिजलेला ब्रेक कुठल्या लिफ्टचा आहे?” त्यांनी विचारलं.

खालून कोणीतरी विचारत होतं, लिफ्ट कधी सुरू होणार म्हणून.

“माहीत नाही, बाबा,” ती म्हणाली.